भिंगारची काढ

१० नोव्हेंबर, सोमवार

बत्तीस वर्षं शाळेत रोजचं टाचण लिहिलं, निवृत्तीनंतर रोज काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आज केडगावच्या खोलीत जे झालं त्याची नोंद कुठेतरी हवी. खताच्या दुकानातून मिळालेली गेल्या वर्षीची डायरी कोरीच पडली होती. छापलेले वार खोडून वापरते आहे.

आमच्या रक्तदाता मंडळाची मी चिटणीस. अध्यक्ष गोरक्षनाथ, दोन टेम्पो आणि जिल्हाभर ओळखी एवढ्या भांडवलावर ते अध्यक्ष झाले. आता गावोगावच्या रक्तदात्यांच्या याद्या संगणकात घालतो आहोत. ते काम उझ्मा शेखकडे. उझ्मा माझीच विद्यार्थिनी. पुण्याला चांगली नोकरी होती, वडिलांच्या आजारपणासाठी सोडून भिंगारला परत आली. आता घरूनच काम करते आणि आठवड्यातून तीनदा आमच्या खोलीत येते.

प्रत्येक गावाच्या यादीला ती डेटाबेस म्हणते. गोरक्षनाथांच्या तोंडून तो 'डब्बाबेस' असा बाहेर पडतो, म्हणून मी 'कोठी' हा शब्द ठरवून दिला. गावागणिक कोठी, आणि कुठल्या कोठ्या आहेत ते सांगणारी एक मुख्य पाटी. समजायला सोपं.

तर आज केडगावची कोठी तयार होत असताना मध्येच वीज गेली. तासाभराने आली. पाहतो तर पाटीवर केडगावचं नाव आहे. उघडायला गेलं की यंत्र म्हणतं, अशी कोठी सापडत नाही. बरं, मग नवी करू म्हटलं, तर म्हणतं, या नावाची कोठी आधीच आहे.

"म्हंजी हाय का न्हाई?" गोरक्षनाथांनी विचारलं.

"दोन्ही," उझ्मा म्हणाली.

"आमच्या मेव्हण्यावानी झालं. मतदार यादीत हाय, गावात न्हाई."

उझ्मा हसली. मी हसले नाही. तिला एकच गोष्ट तीनतीनदा विचारायची सवय आहे. 'बाई, केडगाव म्हणजे नुसतं केडगाव का, आजूबाजूच्या वाड्यापण?' मी स्पष्ट सांगितलं, एकदा सांगितलं की परत विचारायचं नाही. वर्गात हाच नियम होता आणि बत्तीस वर्षं उत्तम चालला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

उझ्माने फळ्यावर दाखवलं. कोठी बनवायची म्हणजे यंत्राला दोन कामं करायची असतात, फाइली मांडायच्या आणि पाटीवर नाव लिहायचं. या दोन्हींच्या मध्ये वीज गेली की झालं अधांतरी. उपाय असा की काय करणार ते आधी एका वहीत लिहायचं, मग करायचं, आणि झालं की 'झालं' लिहायचं. वीज आल्यावर यंत्र पहिल्यांदा ती वही वाचतं. अर्धं राहिलेलं पुरं करतं, नाहीतर पुसून टाकतं.

"बाई, तुमच्या टाचणासारखं," ती म्हणाली. "तुम्ही शिकवायच्या आधी लिहायचा ना, आज काय शिकवणार ते."

मला बरं वाटलं. दाखवलं नाही.

आजपासून मीही मंडळाची प्रत्येक सूचना इथे शब्दशः लिहिणार. यंत्राला शिस्त आणि चिटणिसाला नाही, हे बरं नव्हे.

उझ्माने सगळ्याची एक पूर्ण नक्कल आज वेगळ्या डिस्कवर ठेवली. यंत्राची वहीही यापुढे तिथेच जमा होत राहील. केडगावची यादी काढली, चार पानं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज आनंदाचा दिवस. माझ्याकडे बटण बंद करायचं काम होतं.

उझ्मा चाचणीसाठी एकच कोठी पुन्हापुन्हा बनवते आणि उडवते. मध्येच कधीही मी भिंतीवरचं बटण बंद करायचं, मग यंत्र सावरतं का ते पाहायचं. "आता बनवते, बाई," ती म्हणते. मी डोळे मिटून तीनपर्यंत मोजते आणि खट्. "आता काढते, बाई," म्हणते. पुन्हा खट्. कधी सातपर्यंत मोजते, कधी ती बोलायच्या आतच. उझ्मा म्हणाली, तुमच्याइतकं लहरी लोडशेडिंग मी पाहिलेलं नाही. आयुष्यात इतकं बेजबाबदार वागायची परवानगी मला कोणी दिली नव्हती.

चाचणीच्या कोठीला नाव काय दिलंय ते पाहिलं नाही. लक्ष बटणावर होतं.

आज एकूण एकोणीस वेळा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आणखी बावीस. एकूण एकेचाळीस.

बनवणं जमलं, उडवणं अवघड निघालं. उडवताना मी अकराव्या खेपेला बटण बंद केलं. निम्म्या फाइली गेलेल्या, निम्म्या शिल्लक आणि पाटीवर नाव ठणठणीत. गेलेली फाइल परत येत नाही, म्हणजे मागे जाता येत नाही. आणि कोठी चांगली आहे समजून कोणी आत शिरलं तर? उझ्मा दुपारभर विचार करत बसली. शेवटी तिने क्रम बदलला. आधी पाटीवर नावापुढे 'बाद' लिहायचं, म्हणजे आत कोणी जाणार नाही. मग वहीत. मग फाइली. वीज गेलीच तर परत आल्यावर 'बाद' दिसतं, उरलेलं साफ करायचं.

आणखी एक. वही पुन्हा वाचताना यंत्राला कधीकधी आधीच उडवलेली कोठी उडवायचा हुकूम सापडतो. ते 'कोठी नाही हो!' म्हणून गळा काढायचं आणि तिथेच बसून राहायचं. आता ते नसलेली कोठी उडवायला सांगितली तर गुमान पुढची ओळ वाचतं. मला हे पटायला वेळ लागला. माझ्या वर्गात, नाही ते आहे म्हणणाऱ्याला मी उभं करत असे.

तिसरी भानगड माझ्यामुळे. ज्या नमुना कोठीवरून बाकीच्या कोठ्या बनतात, तिच्यात मी 'शेवटचं रक्तदान' असा रकाना वाढवला. यंत्राच्या वहीत 'नमुन्यावरून कोठी बनव' इतकंच लिहिलेलं. त्यामुळे वही पुन्हा वाचली की जुन्या कोठीला नवा रकाना चिकटायचा. उझ्मा म्हणाली, "नमुना बदलतो, बाई. म्हणून नमुन्यावरून असं लिहायचंच नाही. काय मांडलं ते सगळं लिहायचं." वही जाड होईल, म्हणाली. होऊ दे, म्हटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

श्रीरामपूरच्या मंडळाचा फोन. सहा डिसेंबरला भिंगारला आपलं शिबिर आहे, तेव्हा ते पाहायला येणार. नीट चाललं तर त्यांच्या तालुक्याचं काम उझ्माला देणार, आणि पुढे आणखी दोन तालुके बोलताहेत. पुणं सोडल्यापासून तिच्या नावावरचं हे पहिलं मोठं काम. मी सांगितलं तेव्हा ती "बघू, बाई" एवढंच म्हणाली आणि तीन वडापाव खाल्ले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस खोलीत एकटीच होते, उझ्माच्या वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं. भिंगारच्या रक्तदात्यांच्या चिठ्ठ्या गोरक्षनाथांनी पोत्यात आणून टाकल्या होत्या. यंत्रात पाहते तर पाटीवर 'भिंगार' नावाची कोठी तयार, रिकामी. पोरीने आधीच करून ठेवली, एवढी दूरदृष्टी मला तिच्यात वाटली नव्हती.

दोन दिवसांत २१२ नावं भरली. नाव, गट, फोन, शेवटचं रक्तदान. अक्षरं अशी की काही दात्यांना पुन्हा पहिलीत बसवावं. भरून झाल्यावर चिठ्ठ्या बारीक फाडून टाकल्या. लोकांचे फोन नंबर रद्दीत जायला नकोत, आणि एकदा यंत्रात गेल्यावर कागद कशाला?

उझ्माला सांगितलं नाही. उगाच आभार मानत बसेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी १०.४० ला बसथांब्यावरून उझ्माला मेसेज: "भिंगारची काढ. आजच." फोन लावून दात्यांना बोलावायचं तर यादी हातात हवी.

तिचं उत्तर: "हो बाई. काढते."

पुन्हा विचारलं नाही. सुधारते आहे.

१२.१५ ला उत्तर: "काढली बाई. काही शिल्लक नाही." म्हणजे सगळी पानं छापून झाली. दुपारी संविधान दिनाच्या कार्यक्रमाला गेले. तिथल्या वक्त्यांना वेळेचं भान नव्हतं, मी घड्याळ दाखवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अत्यंत वाईट दिवस.

खोलीत जाऊन छापील यादी मागितली. उझ्मा म्हणाली, "कसली यादी?" यंत्र उघडलं. पाटीवर भिंगार नाही. फाइली नाहीत. 'बाद'सुद्धा नाही. २१२ माणसं अशी गेली की मागमूस नाही. तिचं उडवणं आता इतकं बिनचूक झालंय की कुठे एक तुकडासुद्धा राहिला नाही.

"बाई, ती तर माझी चाचणीची कोठी होती. आणि तुम्हीच म्हणालात."

"मी असं कधीही म्हणाले नाही."

तिने फोन पुढे केला. मी पाहिला नाही. वर्गात चूक झाल्यावर पुरावे काढणाऱ्या मुली मला कधी आवडल्या नाहीत, हे तिला सांगितलं. तिने फोन पिशवीत टाकला, ओढणी सारखी केली आणि "येते, बाई" म्हणून गेली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

गोरक्षनाथ डोकं धरून बसले. "आठ दिसांत इतकी मान्सं पुना कुठून गोळा करायची? ते छावणीतले मिलिटरीवाले तर निम्मे बदलून गेले आसतील. चिठ्ठ्या हायेत ना पर?"

चिठ्ठ्यांचं सांगितलं. ते बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. पंखा बंद होता.

"मग काय, काढायचं का त्या पोरीला?"

"काढायचं. श्रीरामपूरकरांनाही कळवावं लागेल. निष्काळजी माणसाच्या हाती आणखी तीन तालुके द्यायला आपण साक्षीदार व्हायचं नाही."

"लई हुशार पोरगी हुती पर."

"हुशारी आणि काळजी हे दोन वेगळे विषय आहेत."

रविवारच्या सभेसाठी ठराव: 'सौ. य. साळवे यांच्या सूचनेवरून, कु. उझ्मा नूरमहंमद शेख यांना मंडळाच्या कामावरून काढण्यात येत आहे. कारण: सूचनेविरुद्ध वर्तन.'

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी नऊला उझ्माचा फोन. नमस्कार वगैरे करून सरळ कामाचं बोलली.

"बाई, भिंगारची नावं तुम्ही कधी भरलीत? तारीख हवी."

"आता कशाला?"

"बारा तारखेची पूर्ण नक्कल आहे. त्यानंतर यंत्राने काय काय केलं ते सगळं वहीत आहे. नक्कल दुसऱ्या जागी मांडायची, वही पहिल्यापासून वाचायला लावायची आणि उडवण्याच्या एक पाऊल आधी थांबवायची. पण मध्ये वही फाटली नाही ना, तुमची नावं तिच्यात पडली का, ते तारखेवरून बघते."

म्हटलं, थांब, माझ्याकडे शब्दशः लिहिलेलं आहे. डायरी उघडली. पंचवीस तारीख सांगितली. नजर खाली घसरली.

भिंगारची काढ. आजच.

वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचलं. मग पंधरा तारखेचं पान उघडलं. 'आता काढते, बाई.' बारा तारखेचं. 'केडगावची यादी काढली.' सगळं माझ्याच अक्षरात.

"बाई? ऐकताय ना?"

"नंतर फोन करते," म्हटलं.

गोरक्षनाथांना फोन लावला. "एक सांगा. 'भिंगारची काढ' म्हणजे काय?"

"कशावर हाय, बाई. दुकान काढ म्हनलं तर मांडायचं, काटा काढ म्हनलं तर फेकायचा. भिंगार काय दुकान हाय का काटा?"

"आणि समजलं नाही तर?"

"इचारायचं की."

फोन ठेवला. चहा केला, प्यायचा राहिला.

३० नोव्हेंबर, रविवार

सभा पुढे ढकलली. रिक्षाने भिंगारला गेले.

उझ्माचे वडील नूरमहंमद दारात शिलाई मशीनजवळ बसले होते. आजारपणानंतर मशीन चालवत नाहीत, नुसते शेजारी बसतात. "या, यशोधराबाई. पोरीने काही चुकवलं का?"

"नाही. मी चुकवलं."

हे वाक्य मी घरून निघताना तीनदा म्हणून पाहिलं होतं.

उझ्मा आतून आली. डायरी तिच्यापुढे ठेवली, सव्वीस तारखेचं पान. तिने वाचलं. पान उलटून अठ्ठावीसचं वाचायला लागली तेव्हा मी हात आडवा घातला, मग काढून घेतला. तिने ठरावही वाचला.

"मी विचारायला हवं होतं, बाई. मनात आलं होतं. आजच का म्हणतात, असं."

"मग का नाही विचारलंस?"

नूरमहंमद म्हणाले, "तुमचीच विद्यार्थिनी ना, बाई. सांगितलेलं लक्षात ठेवते."

ते हसतच म्हणाले. तरी मला खिडकीबाहेर पाहावं लागलं.

"सगळं परत येईल?" मी विचारलं.

"माहीत नाही. वहीत ती कोठी पुन्हापुन्हा बनवलेली आणि उडवलेली आहे. एकेचाळीस ठिकाणी वीज गेलेली. तुम्हीच घालवलेली. त्या सगळ्यातून यंत्राला न अडता पुढे जाता आलं पाहिजे. एका ठिकाणी जरी अडलं, तरी पुढची नावं हाती यायची नाहीत."

"म्हणजे तू केलेल्या कामाची खरी परीक्षा आता."

"हो. आणि तुम्ही घेतलेली."

१ डिसेंबर, सोमवार

दहाला सुरुवात. उझ्मा यंत्रापुढे, मी मागे, गोरक्षनाथ दारात. ते म्हणाले, शुभ कामाला मी आत नसलेलाच बरा.

पडद्यावर वहीच्या ओळी सरकू लागल्या. बनव. उडव. बनव. उडव. वीज गेलेल्या प्रत्येक जागेला मी डायरीत रेघ मारत होते. नवव्याला जरा थांबलं, गेलं. सतराव्याला नसलेली कोठी उडवायचा हुकूम आला. गळा काढला नाही, पुढची ओळ वाचली. मी शाबास म्हणाले. उझ्माने मागे वळून पाहिलं; तिला वाटलं तिला म्हणाले. होय म्हटलं, तुलाच.

तिसाव्याला पडदा ठप्प.

उझ्माचा हात माऊसवर, पण हलत नव्हता. मला त्या एकेचाळीस खटक्यांतला प्रत्येक आठवला. किती मजेत मारले होते. यातल्या एकाने जर आता घात केला तर नाव या पोरीचं जाणार होतं, माझं नाही.

"बाई," ती हळूच म्हणाली, "इथे तो नवा रकाना येतो. नमुना बदललात तो. सगळं लिहिलेलं आहे ना, म्हणून वाचायला वेळ लागतोय. वाटतं."

"वाटतं की आहे?"

"वाटतं."

पडदा हलला. एकतीस. बत्तीस. एकेचाळीसवी रेघ मारली तेव्हा माझी पेन्सिल मोडली. त्यानंतर नावं. एकामागून एक, माझ्या दोन दिवसांच्या कामाच्या क्रमाने. भीमराज, ओ निगेटिव्ह. मेहताब, बी पॉझिटिव्ह. शेवटच्या नावानंतर यंत्र थांबलं. पुढची ओळ 'बाद' होती, ती वाचायची नव्हती.

"किती?" गोरक्षनाथ दारातून ओरडले.

"दोनशे बारा."

"समदे आले?"

"समदे. कोंडीराम तर दोनदा," उझ्मा म्हणाली. ती माझी चूक. यंत्राने इमानाने तीही परत आणली.

"आता भिंगारची काढते," उझ्मा म्हणाली आणि आम्ही तिघंही दचकलो. "छापते! छापते म्हणायचंय मला."

या खोलीत 'काढणे' हा शब्द वापरायला बंदी केली. अर्ध्या तासात बंदी मोडली. गोरक्षनाथांनी विचारलं, "मग रगत काय करायचं, बाई? उपटायचं?"

ठराव एका रेघेने खोडला, खालचं वाचता येईल असा, आणि पुढे लिहिलं: बाद. पान फाडलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

शिबिर. सकाळी महापरिनिर्वाण दिनाची वंदना झाली आणि आठलाच रांग लागली. फोन करून बोलावलेल्यांतले एकशे सतरा आले. त्यातल्या चौघांना सुई पाहून घरी महत्त्वाचं काम आठवलं. कोंडीराम एकदाच आला.

श्रीरामपूरचे दोघे यंत्राजवळ तासभर बसले. त्यांनी विचारलं, एखादी कोठी चुकून उडाली तर? उझ्माने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, उडाली होती. माझ्या चुकीने. परत आली, हिच्या कामाने. मग डायरीची ती पानं त्यांना वाचायला दिली, ठरावासकट. एक जण वाचताना हसू दाबत होता. दाबू नका म्हटलं.

काम उझ्माला दिलं. गोरक्षनाथांनी मंडपात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "भिंगारच्या पोरीनं नाव काढलं!"

"कुठल्या यादीतून?" उझ्माने विचारलं.

मीही हसले. गोरक्षनाथांना ते अजून खरं वाटत नाही.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी उझ्माचा मेसेज: "बाई, श्रीरामपूरची काढू का?"

अर्थ उघड होता. श्रीरामपूरची कोठी अजून जन्मालाच यायची आहे. नसलेली उडवणार कशी? कोणीही समजलं असतं. मीही समजले.

तरी लिहिलं: "कोणतं 'काढू'?"